दुःखाच्या घरची चूल

घरातले माणूस गेले की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. तरी ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मातीला गेलेली माणसे परत येतात. कडुलिंबाचा पाला चावतात, आंघोळी करतात. तोवर शेजारची बाई भाकरी थापते, पिठले घोटते. ताट झाकून ती दुःखाच्या घरी नेते. या जेवणाला कुठे कुठे कडू घास म्हणतात. नाव बरोबर आहे. घास घशाखाली उतरत नाही. तरी शेजारीण जवळ बसते आणि म्हणते, "दोन घास खाय बाई. लेकराकडं पाहून तरी खाय."

हे झाकलेले ताट कुठे कुठे फिरते, ते आपण या धड्यात पाहू. आणि मग ते उलटे कसे फिरू लागले, तेही पाहू.

नांदुऱ्याचेच घ्या. ज्ञानगंगेच्या काठचे गाव. बाजाराचे गाव, रेल्वेचे ठेसन. येथे निरनिराळ्या धर्मांची माणसे शेजारी शेजारी राहतात. एकमेकांच्या लग्नाला जातात, मयतीलाही जातात. पण मयतीत दूर उभे राहतात. आत काय चालले आहे, ते विचारायला संकोच वाटतो. म्हणून थोडे सांगतो.

आपण म्हणतो, हिंदू जाळतात, मुसलमान पुरतात. हे पुरते खरे नाही. हिंदूंमध्येही तान्हे मूल पुरतात. लिंगायत आणि गोसावी लोक आपल्या माणसाला बसते करून माती देतात. तेव्हा एकाच धर्मात दोन्ही रीती आहेत. कोणाचे काही बिघडलेले नाही.

मुसलमानाच्या घरी मयत झाली की देहाला आंघोळ घालतात. याला गुस्ल म्हणतात. मग पांढरे, साधे कफन. पुरुषाला तीन कापडे, बाईला पाच. शेठ असो की हमाल असो, कापड तेच. जनाजाची नमाज उभ्यानेच होते. तीत वाकणे नाही, डोके टेकणे नाही. कबरीत तोंड मक्केकडे करतात. मक्का आपल्याकडून पश्चिमेला आहे. जमलेला प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. आणि घरच्या जेवणाचे काय? शेजाऱ्यांनी पाठवायचे. जाफर नावाचा त्यांचा नातलग लढाईत पडला, तेव्हा पैगंबरांनी सांगितले की जाफरच्या घरी जेवण करून पाठवा, त्यांच्यावर दुःख कोसळले आहे. ही गोष्ट चौदाशे वर्षांची आहे. म्हणजे तेच झाकलेले ताट!

बौद्ध वस्तीत आणखी वेगळी रीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. पुढे दोन महिनेही झाले नाहीत, तोच ६ डिसेंबरला ते गेले. नवी रीत शिकलेल्या लोकांना पहिली मोठी मयत आपल्या बापमाणसाचीच पाहावी लागली. आज बौद्ध घरी त्रिशरण, पंचशील म्हणतात. काही दिवसांनी पुण्यानुमोदन करतात. गेलेल्या माणसाने काय चांगले केले, ते चार लोक उभे राहून सांगतात. पिंड नाही, कावळा नाही.

कावळ्याचे मात्र जरा थांबून सांगितले पाहिजे.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवतात. कावळा शिवण्याची वाट पाहतात. कावळा येतो, बसतो, मान वाकडी करून पाहतो, पण शिवत नाही. मग कोणीतरी म्हणते, "म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकला." थोरला मुलगा हात जोडून पुढे होतो. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणतो, "बाबा, धाकटीचं लग्न मी करीन. मायला अंतर देणार नाही." कावळा शिवतो. लोक हुश्श करतात.

कोणी हसेल. म्हणेल, कावळ्याला काय कळते? कावळ्याला कळो न कळो. मुलाने काय कबूल केले, ते पन्नास लोकांनी ऐकले ना? उद्या तो बहिणीचे लग्न टाळू लागला, तर पन्नास लोक त्याला नदीची आठवण देतील. जुन्या माणसांनी बापाच्या मरणाला जबाबदारीची गाठ कशी बांधली आहे, पहा. माझ्या मते दहा दिवसांच्या सगळ्या विधींत हा क्षण सर्वांत मोलाचा आहे. तो क्षण फुकट आहे. त्याला पैसा लागत नाही.

सुतकाचेही तसेच. दहा दिवस देवळात जायचे नाही, कुठे शुभकार्याला जायचे नाही. पण त्याच दहा दिवसांत घरच्यांना कोणी कामाला बोलावत नाही. नातेवाईक येऊन बसतात. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. "रात्री बरे होते, पहाटे छातीत दुखले." दहा वेळा सांगितले की ते मनाला हळूहळू पटू लागते. माणूस गेला, हे डोळ्यांना लगेच कळते. मनाला कळायला दिवस लागतात.

आता जरा गावाबाहेर जाऊ. पूर्णा ओलांडून उत्तरेला गेले की जळगाव जामोद लागते. त्यापुढे सातपुडा. तिथले कोरकू लोक गेलेल्या माणसाच्या नावाने लाकडाची पाटी कोरून घेतात. तीवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतो. गावाबाहेर झाडाखाली ती उभी करतात. हा विधी सवड होईल तेव्हा, कधी काही वर्षांनीसुद्धा करतात. दहाच दिवसांत सगळे उरकले पाहिजे, अशी घाई तेथे नाही.

आणखी एक मराठी बोलणारा समाज सांगतो. तुम्हाला नवल वाटेल. कोकणात, अलिबागच्या बाजूला, ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ साली इस्रायल देश झाला. त्यानंतर पुष्कळ जण तिकडे गेले. ज्यू घरी माणूस गेले की जवळचे नातलग अंगावरचा कपडा थोडा फाडतात. काळीज फाटले, ते असे दाखवायचे. मग सात दिवस घरातच, खाली बसून राहायचे. मातीहून परत आल्यावर पहिले जेवण घरचे खायचे नाही. ते शेजाऱ्यांनी आणायचे. त्यात मसूर किंवा उकडलेली अंडी असतात. मसूर गोल, अंडे गोल. जन्म-मरणाचे चाक असेच फिरते, असा त्याचा अर्थ लावतात. दुःखी माणसाने त्या दिवशी स्वतः रांधू नये, असा त्यांचा नियमच आहे.

जपान हा देश आपल्यापासून फार दूर. तिथेही बहुतेक सर्वांना जाळतात. आपण राख सावडतो ना? तेथे अस्थी काड्यांनी उचलतात. त्यांचे जेवणही दोन काड्यांनीच होते. एक अस्थी दोघे मिळून उचलतात आणि मडक्यात ठेवतात. म्हणून जेवताना दोघांनी एकच घास काड्यांनी धरणे तिथे अशुभ समजतात. पण मला सांगायचे आहे ते पाकिटाचे. जपानात मयतीला येणारा प्रत्येक जण पाकिटात पैसे घालून आणतो. ते घरच्यांच्या हाती देतो. खर्च आला आहे, थोडा आमच्याकडून घ्या, असा त्याचा अर्थ. घरचे लोक पुढे काही भेट देऊन थोडी परतफेड करतात. आपल्याकडे सोयरे दुखवट्याचे कपडे आणतात, त्यातला हा प्रकार.

नांदुरा काय, अलिबाग काय, जपान काय. जुनी रीत सगळीकडे एकच दिसते. ज्याच्या घरी दुःख, त्याच्या घरी वस्तू जाते. ताट जाते, पाकीट जाते, कापड जाते.

मग आपल्या तेरवीला ताट उलटे का फिरते?

तेरवी वाईट नव्हती. तेराव्या दिवशी सुतक संपले. सोयरे जमले. त्यांनी घरच्यांचे तोंड गोड केले आणि म्हटले, आता उठा, कामाला लागा. एवढाच तिचा मतलब. वीस-पंचवीस माणसांत तो पुरा होतो. पण हळूहळू वीसचे दोनशे झाले, दोनशेचे पाचशे झाले. मंडप आला, आचारी आला. ज्याच्या घरी दुःख, तोच गावाला जेवू घालू लागला.

आपण एक हिशेब मांडून पाहू. पाटी घ्या हाती. समजा, एका घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. कपाशी आणि सोयाबीन. घरचा कर्ता दवाखान्यात वारला. दवाखान्यात पैसे गेलेच. आता तेरवी. समजा, ३०० पाने उठली. एका पानाला १०० रुपये धरा. ३०,००० झाले. मंडप, भांडी, कपडे, आणणे-नेणे मिळून आणखी २०,००० धरा. एकूण ५०,००० रुपये. ते सावकाराकडून शेकडा ५ रुपये महिन्याने काढले. महिन्याचे व्याज झाले २,५००. वर्षाचे व्याज झाले ३०,०००. म्हणजे वर्षभर नुसते व्याज भरले, तरी ३०० पानांच्या किमतीएवढे पुन्हा गेले. आणि मुद्दल ५०,००० जागच्या जागी उभेच. जेवून गेलेल्यांना भाजीत मीठ कमी होते का जास्त, हेही आठवत नाही.

"करू नका म्हणायला काय जाते? लोक काय म्हणतील? बापाची तेरवीसुद्धा केली नाही, असं म्हणतील." हे खरे आहे. लोक म्हणतात. मुलाला बापाबद्दल माया आहे, म्हणूनच तो कर्ज काढतो. त्याला मूर्ख म्हणू नये. पण त्याची माया मोजायला आपण जेवणाचे पान हे माप केले, ही चूक आपली, गावाची आहे.

ही खोड एकट्या आपल्याला नाही. इंडोनेशिया देशात सुलावेसी नावाचे बेट आहे. तिथे तोराजा लोक राहतात. ते मयतीला रेडे कापतात. जितका मोठा माणूस, तितके जास्त रेडे. पैसा जमेपर्यंत देह मसाले लावून घरातच ठेवतात. कधी महिने, कधी वर्षे. तोवर तो मेला म्हणत नाहीत, आजारी आहे म्हणतात. त्याच्यापुढे जेवणही ठेवतात. पाहुण्यांनी आणलेला रेडा लिहून ठेवतात. त्यांच्या घरच्या मयतीला तो फेडावा लागतो. बाप नाही फेडू शकला तर मुलगा फेडतो. आपल्याला हे विचित्र वाटते. तोराजा माणसाला आपली ३०० पाने सांगितली, तर तो म्हणेल, "आमच्यासारखेच आहे की!"

राजस्थानात तर यासाठी कायदा करावा लागला. १९६० साली तेथे मृत्युभोजाला बंदी करणारा कायदा झाला. आपल्या महाराष्ट्रात जेवण दिले नाही म्हणून जातीबाहेर टाकू, असे कोणी म्हटले तर तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा कायदा २०१६ साली झाला. २०१७ पासून तो लागू आहे.

आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी हेच कीर्तनातून सांगितले. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, म्हणून ते लोकांना हात जोडत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे ते परीट. बाप दारूने गेला, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. १९२३ साली ते कोकणात कीर्तन करीत होते. तेथे एकुलता मुलगा गोविंद गेल्याची खबर आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. ही गोष्ट लोक मोठ्या आदराने सांगतात. आदर मलाही आहे. पण ऐकणाऱ्याने असे समजू नये की पोटचे पोर गेले तरी रडू नये. तो बाबांचा मार्ग होता. आपण संसारी माणसे आहोत. आपल्याला रडू येते, आणि ते आलेच पाहिजे. बाबा स्वतः २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी गेले. माझे स्मारक, मूर्ती, समाधी करू नका, असे ते सांगून गेले होते.

रीत बदलली तर आत्म्याला शांती मिळत नाही, असे वाटते ना? मग २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आठवा. करोनाची साथ होती. मातीला २० माणसांच्या वर परवानगी नव्हती. तेरव्या घरातल्या घरात झाल्या. कित्येकांना तोंडही पाहायला मिळाले नाही. त्याचे दुःख अजून लोकांच्या मनात आहे. शेवटचे तोंड पाहता आले नाही, हे लोक आजही रडून सांगतात. पण पाचशे पाने उठली नाहीत, म्हणून रडणारा मला अजून भेटला नाही.

पारशी लोकांना तर मोठा बदल करावा लागला. ते देह जाळत नाहीत, पुरतही नाहीत. मुंबईत मलबार टेकडीवर त्यांची डुंगरवाडी आहे. तेथे उंच गोल दगडी बांधकामात, ज्याला दख्मा म्हणतात, देह उघड्यावर ठेवतात. पूर्वी गिधाडे तो संपवत. पण गिधाडेच गेली. आपल्या नाल्याकाठी मेलेल्या बैलावर गिधाडांचे थवे उतरत, ते कोठे गेले? आपण दुखऱ्या बैलाला डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचत होतो. तो बैल मेला आणि गिधाडांनी खाल्ला, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. काही जातींची शंभरातली नव्व्याण्णव गिधाडे अशी मेली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झाले. पारशांनी दख्म्यात उन्हाची उष्णता एकवटणारी साधने बसवली. ज्यांना दहन हवे, त्यांच्यासाठी वरळीला २०१५ साली प्रार्थनेची जागा झाली. काहींना हे पटले नाही. वाद झाला. पण वाट निघाली.

आता बायांकडे वळू. नवरा गेलेल्या बाईचे दुःख सर्वांत मोठे. आणि तिलाच आपण सर्वांत जास्त दुखावतो. कपाळाचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, जोडवी काढतात. हे सर्व दहा बायांसमोर. ज्या बाया सकाळी तिला घास भरवतात, त्याच दहाव्या दिवशी तिच्या हातावर हात आपटतात. त्यांच्याही मनाला ते लागते. त्यांतल्या काहींनी तेच भोगलेले असते. पुरुषाची बायको गेली तर त्याची टोपीसुद्धा कोणी काढीत नाही.

मुसलमान विधवेला चार महिने दहा दिवस इद्दत पाळावी लागते. त्या काळात साजशृंगार नाही, दुसरे लग्न नाही. पण त्याला शेवट आहे. मुदत संपली की ती पुन्हा लग्न करू शकते. आपल्याकडे विधवेच्या लग्नाचा कायदा १८५६ साली झाला. तरी कुंकवाला मुदत नाही. एकदा पुसले ते पुसले.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला. आमच्या गावात यापुढे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार होणार नाहीत. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखे करा म्हणून कळवले. ठराव केला म्हणजे सगळे लगेच बदलते असे नाही. पण बाईला "नको" म्हणायला एक कागद मिळाला.

त्याच्याही १३२ वर्षे आधीची गोष्ट ऐका. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतिराव फुले गेले. विस्तवाचे मडके घेऊन तिरडीपुढे कोण चालणार? सावित्रीबाई पुढे झाल्या. मडके त्यांनी स्वतः हाती घेतले. पत्नीने मयतीपुढे चालायचे, हे तेव्हा कोणी पाहिले नव्हते. आज आपल्या तालुक्यात मुलगी बापाला अग्नी देते, तेव्हा म्हातारी माणसे कुजबुजतात. त्यांना हे साल सांगावे.

तेरवी झाली, पाहुणे गेले, की खरे दुःख सुरू होते. गर्दीत ते कळत नाही. घर रिकामे झाले की कळते. गेलेल्याची चप्पल दाराशी दिसते आणि पोटात खड्डा पडतो. झोप जाते, भूक जाते. काही आठवड्यांत ते हळूहळू सैल होते. पण दोन-चार महिने उलटले, माणूस शेतात जाईना, कोणाशी बोलेना, "मला नेलं असतं तर बरं झालं असतं" असे म्हणू लागला, तर थट्टा करू नये. एकटे सोडू नये. सरकारी दवाखान्यात न्यावे. १४४१६ या नंबरावर फोन केला तर पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. पुरुषांकडे मुद्दाम लक्ष ठेवावे. बाया हेल काढून रडतात, मोकळ्या होतात. पुरुष धुऱ्यावर जाऊन एकटा बसतो.

आठवण काढायला वर्षाचे दिवस नेमले आहेत. ते चांगले आहे. पितृपक्ष आहे. आपल्या भागात आखाजी आहे. पाण्याची घागर भरतात, तीवर आंबा ठेवतात, गेलेल्यांच्या नावाने पोळी आणि रस वाढतात. ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला कबरी झाडून मेणबत्त्या लावतात. त्याच दिवसांत मेक्सिको देशात लोक कबरींवर झेंडूच्या फुलांचे सडे घालतात. आपण दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू तिकडूनच आपल्याकडे आला.

शेवटी एक विधी राहिला. तो कोणी भटजी सांगत नाही, मौलवी सांगत नाही. माणूस गेल्यापासून २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत मृत्यूची नोंद करायची. त्याला पैसे पडत नाहीत. तो दाखला असल्याशिवाय बँकेतले पैसे हलत नाहीत, विमा मिळत नाही. मग तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची नोंद द्यायची. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांत १९५६ च्या कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि गेलेल्याची आई हे सर्व पहिले वारस आहेत. "पोरींची नावं कशाला?" असे कोणीतरी म्हणतेच. घाईने अर्जावर अंगठा उमटवून घेतात. आता तुम्हाला वाचता येते. अर्ज हाती घ्या. त्यातले एक एक नाव बोट ठेवून वाचा. मायचे नाव आहे का, बहिणीचे आहे का, ते पाहा. आणि मगच सही करा.